पाखरे मोजणे ही चैन नव्हे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पालघरला झालेल्या कार्यकर्त्यांच्या एका बैठकीस मी उशिरा पोहोचलो. चपलांना चिखल, पायजम्याला कुसळे आणि गळ्यात जुनी दुर्बीण असा माझा अवतार पाहून एक ज्येष्ठ सहकारी मोठ्याने म्हणाले, “या, प्राध्यापक! आम्ही इथे किमान वेतनाच्या ठरावावर घसा कोरडा करतो आहोत आणि तुम्ही पाखरे मोजत हिंडता!” सगळे हसले. मीही हसलो. परंतु घरी परतताना लोकलमध्ये ते हसणे मनात सलत राहिले. ते माझ्यापुरते असते तर सोडून दिले असते. परंतु त्यामागे आपल्या चळवळीतले एक जुने गृहीत दडलेले आहे. पक्षिनिरीक्षण ही पोट भरलेल्या माणसांची करमणूक आहे, आपला विषय माणूस आहे, आणि माणसाचे प्रश्न सुटल्यावर पाखरांकडे पाहता येईल, असे ते गृहीत.

हे गृहीत चुकीचे तर आहेच. शिवाय ते आपल्याला महागात पडले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. सरकार ज्या जमिनीला ‘पडीक’ म्हणते आणि कारखानदार जिला ‘रिकामी’ म्हणतो, ती पडीकही नाही आणि रिकामीही नाही, हे सिद्ध करण्याचे सर्वांत स्वस्त आणि कामगाराच्या व गावकऱ्याच्या हाती राहू शकेल असे साधन म्हणजे तेथील पाखरांची नियमित नोंद. हे साधन आपण आपण होऊन दुसऱ्यांच्या हाती दिले आहे. ते परत घेतले पाहिजे.

बोईसरला उतरून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या माणसाला कुंभवली हे नाव बहुधा एका नाक्याचे म्हणून ठाऊक असते. वस्तुतः ते गाव आहे, आणि वसाहतीच्या आधीपासून आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे उभी राहू लागली. औषधे, रंग, रसायने, कापड, पोलाद असे नाना उद्योग आले. शेते गेली, कुरणे गेली, ओहोळांचे नाले झाले. पण कोणतीही वसाहत नकाशातल्याप्रमाणे काटेकोर भरत नाही. कारखान्याची मागची भिंत, नाल्याचा काठ आणि गावची वाट यांच्या मध्ये काही तुकडे उरतात. असा एक तुकडा गेली काही वर्षे माझ्या सकाळच्या फेरीचा आहे. त्याला नाव नाही, फलक नाही, कुंपणही धड नाही. शिंदीची झाडे, बाभळी, बोरी, करवंदाच्या जाळ्या, घाणेरी, रुई आणि पावसाळ्यात कमरेइतके गवत, बस्स एवढेच. शहरी माणूस याला रान म्हणणार नाही आणि वनखाते याला वन म्हणणार नाही.

या तुकड्यावर वर्षभर काय घडते? पावसाच्या तोंडावर सुगरणी शिंदीच्या झावळ्यांवर घरटी विणू लागतात. गवत वाढले की मुनियांचे थवे उतरतात. झुडपाच्या बुडाशी भारद्वाज दबकत चालतो. उघड्या मुरमाड जागेवर टिटवी अंडी घालते आणि जवळ जाणाऱ्याच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालते. गणपती-नवरात्र आटोपले की उत्तरेकडून धोबी येतो आणि शेपटी हलवत नाल्याच्या काठाने फिरू लागतो. तारेवर वेडे राघू आणि कोतवाल बसतात. डबक्यात वंचक ध्यान लावून उभा असतो. यांत दुर्मीळ असे काहीही नाही. आणि माझ्या युक्तिवादाला दुर्मीळ पाखराची गरजही नाही. दुर्मीळ पाखरू सापडले म्हणून जमीन वाचवायची, हा न्याय राजवाड्यात जन्मले म्हणून माणसाला मान द्यायचा या जातीचा आहे. सामान्य पाखरांच्या वस्तीलाही वस्ती म्हणता आले पाहिजे.

आणि तेथे केवळ पाखरे नाहीत. पहिल्या पावसानंतर वारली बाया टाकळा आणि शेवळे खुडायला येतात, एरवी सरपण नेतात. गावच्या म्हशी चरतात. रात्रपाळी सुटलेले कंत्राटी कामगार खोलीच्या कोंदटपणातून सुटका म्हणून शिंदीखाली तासभर बसतात. त्यांच्यापैकी धुळ्याकडचा एक तरुण मला पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, “सर, काही हरवलं का?” मी दुर्बीण त्याच्या हाती दिली. तो क्षणभर पाहून म्हणाला, “ही तर टिटवी. तिनं उंचवट्यावर अंडी घातली की आमचे आजोबा म्हणायचे, यंदा पाऊस जास्त.” पुढल्या आठवड्यात त्याने मला न विचारता तीन पाखरांची नावे अहिराणीत सांगितली. ज्याला आपण पक्षिनिरीक्षण हे भारदस्त नाव दिले आहे, ती विद्या खेड्यातून आलेल्या कामगाराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. आपण तिला अज्ञान म्हटले आणि हौशी मंडळींनी तिला छंद म्हटले, एवढाच फरक.

आता ‘पडीक’ या शब्दाकडे वळू. जमीन महसूल देते की नाही, एवढ्या एकाच मापाने मोजण्याची रीत आपल्याला इंग्रजी अमदानीने दिली. जी महसूल देत नाही ती पड. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले. माप बदलले नाही. भारत सरकारने उपग्रहांच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले. २०१९ सालच्या संग्रहातही दाट झुडपांची आणि विरळ झुडपांची जमीन ‘पडीक’ याच सदरात मोडते. म्हणजे ज्या जागी टिटवी अंडी घालते, बाई भाजी खुडते आणि म्हैस चरते, ती जागा राष्ट्राच्या हिशेबात वाया गेलेली आहे! वाया गेलेली वस्तू कोणी उचलली तर चोरी होत नाही. उलट उचलणारा उपकारकर्ता ठरतो. शब्दाचे राजकारण ते हेच. जमीन बळकावण्याआधी ती ओसाड ठरवावी लागते, आणि ओसाड ठरवण्यासाठी तिच्यावर जगणाऱ्यांची नोंद कोठेही होऊ द्यायची नसते.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा माझ्या विषयाच्या दोषाची कबुली मीच दिली पाहिजे. बाजारात जिची किंमत लागत नाही तिला मूल्य नाही, असे आमची पाठ्यपुस्तके उघडपणे म्हणत नाहीत. पण विद्यार्थी वर्गातून हेच शिकून बाहेर पडतो. यावरचा उतारा आमच्याच शास्त्रात होता. कार्ल विल्यम काप्प या अर्थतज्ज्ञाने १९५० साली ‘द सोशल कॉस्ट्स ऑफ प्रायव्हेट एंटरप्राइझ’ या ग्रंथात दाखवून दिले की, खासगी उद्योग आपल्या उत्पादनखर्चाचा मोठा हिस्सा तिऱ्हाइतांच्या माथी मारतो. घाण झालेले पाणी, खराब झालेली हवा आणि खंगलेली माणसे हा त्याच्या ताळेबंदाबाहेर ठेवलेला खर्च असतो. हा अपघात नव्हे, नफ्याची ती रीतच आहे, असे काप्प सांगत होता. तारापूर हा या सिद्धांताचा वस्तुपाठ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील १०० औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले. त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिले आले. या परीक्षेत ७० च्या पुढे गुण मिळणे म्हणजे ‘अतिप्रदूषित’ ठरणे. महाराष्ट्राने पहिला क्रमांक मिळवला, पण त्याचा सत्कार कोणी केला नाही.

येथे ‘रोजगार हवा की पाखरे?’ हा प्रश्न हमखास फेकला जातो. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो : तारापूरच्या हवापाण्याने कोणाचा रोजगार वाढला? नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा तर नक्कीच नाही. सातपाटीच्या पापलेटची ख्याती मुंबईच्या बाजारात दोन पिढ्या टिकली. ज्या खाड्यांवर ही मासेमारी उभी होती त्यांत वसाहतीचे सांडपाणी गेले. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, आणि लवादाने जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखान्यांवर व सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकली. लक्षात घ्या, ही लढाई कोणा निसर्गप्रेमी धनिकाने लढली नाही. जाळे ओढणाऱ्या समाजाच्या संघटनेने लढली. कारखान्याच्या आतल्या कामगाराची स्थितीही वेगळी नाही. जानेवारी २०२० मध्ये याच वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि माणसे मेली. नाल्यातला मासा, खाडीतला बगळा आणि भट्टीजवळचा कंत्राटी कामगार यांचा शत्रू एकच आहे : खर्च वाचवून तो दुसऱ्यावर लादणारी व्यवस्था. रोजगार आणि पाखरे यांना एकमेकांसमोर उभे करणे हे त्या व्यवस्थेच्या सोयीचे आहे. आपल्या सोयीचे नाही.

पाखरांच्या संख्येचा माणसाच्या जीविताशी काय संबंध, असे कोणी म्हणत असेल तर त्याने गिधाडांचा हिशेब पाहावा. १९९० नंतर आपल्या देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या स्वस्त वेदनाशामकाचे अंश मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जात होते. कारण शास्त्रज्ञांना २००४ साली उमगले, आणि पशुवैद्यकीय वापरावर बंदी २००६ साली आली. पुढे एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे होती आणि ज्यांत नव्हती त्यांच्या मृत्युदरांची तुलना केली. २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली. मेलेली गुरे कुजत पडली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली. ज्या पाखराला आपण अमंगळ म्हणत होतो ते एखाद्या आरोग्यखात्याचे काम फुकट करीत होते. आणि ज्या दशकात ते मरत होते, त्या दशकात त्यांची गावोगावी नोंद ठेवणारे लोक पुरेसे असते, तर कारण कदाचित काही वर्षे आधी कळले असते. पाखरे मोजणे ही चैन आहे की काय, याचे उत्तर त्या ५ लाखांत कोणत्या वर्गाची माणसे अधिक असतील याचा विचार करून प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

मात्र नोंद म्हणजे ‘अहाहा, किती सुंदर!’ नव्हे. तिला शिस्त लागते. एकच वाट, ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेला कालावधी. कोणते पाखरू, किती, काय करीत होते. आणि त्या दिवशी नाल्याच्या पाण्याचा रंग, वास, फेस. दिसले तेही लिहायचे आणि दिसले नाही तेही. त्यात तारतम्य हवे. शेकाट्यांचा मोठा थवा नाल्यात उतरला म्हणून पाणी स्वच्छ झाले असे समजणारा माणूस फसेल. हा लांब पायांचा पक्षी घाण पाण्यातल्या किड्यांवर खुशाल जगतो. पांढऱ्या छातीचा खंड्या दिसला म्हणूनही हुरळून जाऊ नये. तो सरडे आणि नाकतोडे खाऊन पाण्याविना भागवू शकतो. परंतु पाण्यात सूर मारून लहान मासोळी टिपणारा छोटा खंड्या एखाद्या नाल्यावर वर्षानुवर्षे येत होता आणि अमुक महिन्यापासून येईनासा झाला, तर ती गोष्ट चौकशीस पात्र आहे. केवळ पाखरांच्या नोंदीने कोणाही कारखानदाराला दोषी ठरवता येणार नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने आणि प्रयोगशाळाच लागते. पण नमुना कोठून, केव्हा घ्यावा आणि कोणत्या महिन्याबद्दल जाब विचारावा, हे सांगणारी पहिली साक्ष अशी वहीच देऊ शकते. निरीक्षक वर्षातून एकदा, बहुधा कळवून येतो. खंड्या रोज येतो.

एकदा नाल्याच्या काठी उभा असताना एका कारखान्याच्या पहारेकऱ्याने मला हटकले. दुर्बीण पाहून त्याला संशय आला होता. मी वही दाखवली. तिच्यात फक्त पाखरांची नावे आहेत असे पाहून तो निवळला, आणि मग हळू आवाजात नाल्याचा रंग रात्री कोणत्या सुमारास पालटतो हे त्यानेच सांगितले. तोही कंत्राटीच, बारा तासांच्या पाळीवरचा. या वसाहतीत काय चालते हे ठाऊक असलेली शेकडो माणसे आहेत. उणीव ज्ञानाची नाही, नोंदीची आहे. आणि नोंद करणाऱ्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संघटनेची आहे.

दुसरीकडे काय घडते आहे तेही पाहा. २०२३ सालच्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, १७८ जातींना तातडीच्या संवर्धनाची गरज असल्याचे सांगितले गेले, आणि हे सारे सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी स्वेच्छेने नोंदवलेल्या माहितीवर उभे राहिले. ही मोठी लोककामगिरी आहे. मी तिला हिणवणार नाही. पण या ३० हजारांत पाळीवर जाणारे किती, वीटभट्टीवरचे किती, कोळीवाड्यातले किती? निरीक्षक जेथे सुटीत जातो तेथली नोंद होते. कामगार जेथे राहतो तेथली राहून जाते. आपल्या राज्यात २०२० पासून मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या सप्ताहात भाषणे होतात, चित्रे लागतात, आणि आठवा दिवस उजाडताच यंत्र येऊन झुडपांचा तुकडा सपाट करते. झुडपे तोडून त्या जागी गुलमोहराची रोपे रांगेत लावली की त्याला वृक्षारोपण म्हणतात. टिटवीला आणि चंडोलाला झाड नको असते, उघडी जमीन हवी असते. पण उघड्या जमिनीवर मंत्र्याच्या हस्ते काही लावता येत नाही.

येथे आपल्या गोटातून रास्त शंका येईल. राखीव क्षेत्र म्हटले की कुंपण आले, पहारा आला, आणि पहिला फटका सरपणवाल्या बाईला बसला, हा आपला अनुभव आहे. तो खरा आहे. राजस्थानातील भरतपूरचे पक्षितीर्थ राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तेथे म्हशींना चराईबंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा आढळले की म्हशी थांबल्याने गवत माजले, पाणथळ जागा भरल्या आणि पाखरांचेच नुकसान झाले! मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणासाठी १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. उद्यानाच्या भोवती उभ्या राहिलेल्या आलिशान इमारती मात्र ‘वनदर्शना’ची जाहिरात करीत विकल्या गेल्या. निसर्गरक्षणाच्या नावाने गरिबाला हाकलणारा विचार आपला नव्हे. परंतु त्या विचाराला उत्तर म्हणून निसर्गच टाकून देणे, हा रोग्यासकट रोग पुरण्याचा प्रकार झाला. आपल्याला हवे ते राखीव क्षेत्र गावाने राखलेले असेल; त्यात भाजी खुडण्याचा, चराईचा आणि बसण्याचा हक्क लिहून ठेवलेला असेल, आणि मज्जाव असेल तो यंत्राला, राडारोड्याला आणि रसायनाच्या पिंपाला.

असे कधी झाले आहे काय? झाले आहे, आणि ते एका कामगार संघटनेने करून दाखवले आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात ‘केलीज बुश’ नावाचा झुडपांचा एक लहानसा तुकडा होता. १९७१ साली एका बांधकाम कंपनीला तेथे घरे उठवायची होती. आसपासच्या तेरा गृहिणींनी सरकारचे सगळे दरवाजे ठोठावले. एकही उघडला नाही. अखेर त्या बांधकाम मजुरांच्या ‘बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन’कडे गेल्या. जॅक मंडी हे त्या संघटनेचे चिटणीस. बायका मध्यमवर्गीय, वस्ती सुखवस्तू, आणि घरे बांधणे हीच तर मजुरांची रोजी! तरीही संघटनेने त्यांना सांगितले की, आधी जाहीर सभा घेऊन लोकांचा पाठिंबा दाखवा. सभा झाली, आणि मजुरांनी त्या जागेवर काम करण्यास नकार दिला. कंपनीने बाहेरची माणसे आणण्याची धमकी दिली, तेव्हा तिच्याच दुसऱ्या इमारतीवरचे मजूर म्हणाले : तेथे एक झाड पडले तर ही इमारत केलीज बुशचे स्मारक म्हणून कायमची अर्धवट राहील. पुढील काही वर्षांत या संघटनेने अशा चाळीसहून अधिक जागांवर ‘हरित बंदी’ घातली. तिच्या नेतृत्वाला त्याची किंमत मोजावी लागली. १९७५ पर्यंत ते संघटनेतूनच बाहेर फेकले गेले. पण १९८३ साली सरकारने केलीज बुश विकत घेऊन जनतेसाठी खुले ठेवले. आपले श्रम कशासाठी विकायचे नाहीत हे ठरवण्याचाही अधिकार कामगाराला आहे, एवढे साधे तत्त्व त्या मजुरांनी जगापुढे ठेवले.

आपल्याच जिल्ह्याचा इतिहासही याला परका नाही. १९४५ साली वारल्यांचा जो लढा पेटला तो वेठबिगारीविरुद्ध होता, आणि त्याच्या मागण्यांत गवतकापणीची मजुरीही होती. गवत, झुडूप, कुरण हे गरिबाच्या राजकारणाचे विषय तेव्हाही होते. आपणच त्यांना मधल्या काळात विसरलो.

म्हणून ठरावांची भूक असलेल्या आपल्या पक्षापुढे मी चार मागण्या ठेवतो. पहिली : जैवविविधता कायद्याने २००२ पासून प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती नेमून लोकांची नोंदवही करण्यास सांगितले आहे. ती वही कंत्राटदाराने कार्यालयात बसून भरू नये. ती गावकरी, कोळी आणि कामगार यांनी फिरून भरावी, आणि आपल्या प्रत्येक शाखेने किमान एक वाट स्वतःकडे घ्यावी. दुसरी : वसाहतीतील व तिच्या कडेच्या प्रत्येक मोकळ्या तुकड्याची यादी महामंडळाने प्रसिद्ध करावी, आणि ग्रामसभेचे म्हणणे ऐकल्यावाचून त्यांपैकी एकही भूखंड म्हणून वाटू नये. तिसरी : ज्या जमिनी गुरचरण म्हणून गावाच्या आहेत त्यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात दिलेला निकाल पाळला जावा. त्या निकालाचा हातोडा गरिबाच्या झोपडीवर आधी पडतो आणि धनिकाच्या गोदामापाशी थबकतो, हा अनुभव लक्षात ठेवून तो कोठे पडतो यावर आपण पहारा ठेवावा. चौथी : प्रदूषणाच्या भरपाईतून जो पैसा हाती येईल त्यातील वाटा नाले, खाजणे आणि असे झुडपांचे तुकडे सावरण्यासाठी, तोही स्थानिक मजुरांना रास्त मजुरी देऊन, खर्च व्हावा. पाखरांसाठी केलेले काम हेही काम आहे, आणि त्यालाही किमान वेतन लागू आहे.

मला कल्पना आहे की वाढवणचे बंदर, द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन अशा अवाढव्य प्रकल्पांच्या जिल्ह्यात कुंभवलीच्या एका तुकड्याची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु जो पक्ष एका गावच्या लहानशा झुडपांचा हिशेब ठेवू शकत नाही, तो ७६ हजार कोटींच्या बंदराचा हिशेब कसा मागणार? मोठ्या प्रकल्पांचे समर्थक जाडजूड अहवाल घेऊन येतात, आणि त्यांत ‘या क्षेत्रात विशेष जीवसृष्टी आढळली नाही’ असे एखादे वाक्य असते. त्या वाक्याला घोषणेने उत्तर देता येत नाही. उत्तर देते ती कोणा शाळामास्तराने, कोळणीने किंवा हातमोजे काढून पेन धरणाऱ्या कामगाराने पाच वर्षे भरलेली वही.

ज्या सहकाऱ्याने मला हसून टोकले त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. किमान वेतनासाठी त्यांनी जितके खस्ता खाल्ल्या तितके मी खाल्ले नाहीत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या रविवारी पहाटे साडेसहाला कुंभवली नाक्यावर यावे. धुळ्याचा तो तरुण रात्रपाळीहून परस्पर येणार आहे, आणि आता पहारेकरीही अधूनमधून सामील होतो. दुर्बीण एकच आहे, ती आळीपाळीने वापरू. ठरावाचा मसुदा चालता चालता करता येईल. गेल्या तीन आठवड्यांत नाल्यावर छोटा खंड्या दिसलेला नाही. तो का दिसत नाही, हा प्रश्न आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यायला हवा, असे मला वाटते.